बॅटरी मरते मे महिन्यात

थंडीच्या दिवसांत वर्ध्यातल्या बॅटरीवाल्यांना फुरसत नसते. डिसेंबरअखेर पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरला, की रामनगरपासून सावंगीपर्यंत कुठल्या ना कुठल्या अंगणात एखादी गाडी घरघरते, एकदा टक् करते आणि गप्प होते. मालकाचं म्हणणं ठरलेलं असतं : "काल रात्री त मस्त चालू होती ना भाऊ! आज सुरूच नाही होऊन राहिली. थंडीनं बॅटरी गेली." दुकानदार वाद घालत नाही. जुनी काढतो, नवी बसवतो, जुनीचे पैसे वजा करतो. थंडीवरचा आळ तसाच राहतो, आणि तो खोटा आहे. ही बॅटरी मेली होती मे महिन्यात. जानेवारीत तिचं मयत निघालं, एवढंच.

गाडी सुरू न होण्याबद्दलची बरीचशी माहिती बर्फाळ देशांत लिहिली गेली आणि तिथून आपल्याकडे जशीच्या तशी आली. कॅनडात विनिपेगला राहणारं मराठी कुटुंब हिवाळ्यात रात्री गाडी लावताना इंजिनातून निघालेली एक वायर भिंतीवरच्या प्लगमध्ये खोचतं. रात्रभर एक छोटा हीटर इंजिन कोमट ठेवतो. नाहीतर उणे तीस अंशांत तेल इतकं घट्ट होतं की सकाळी सेल्फला ते इंजिन हलवता येत नाही. त्यांची लढाई थंडीशी आहे. आपली उन्हाशी आहे, पण बॅटरीच्या लेबलवर मात्र त्यांचाच आकडा असतो. 'सीसीए' म्हणून जो अँपिअरचा आकडा छापतात, तो उणे १८ अंशांवर मोजलेला असतो : त्या थंडीत बॅटरी तीस सेकंद किती करंट देत राहील, याचा. वर्ध्यात उणे १८ येणार नाही. आणि ४५ अंशांच्या उन्हाळ्यात बोनेटखाली दोन महिने काढल्यावर त्या बॅटरीचं काय होईल, हे लेबलावर कुठेच लिहिलेलं नसतं.

शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्ल ही जोडी फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी १८५९ साली जमवली. आजही बहुतेक गाड्यांत तीच आहे. सहा सेल, प्रत्येकाचा दाब साधारण २.१ व्होल्ट, म्हणून पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. रासायनिक क्रियांचा एक ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. बॅटरीत हव्या असलेल्या क्रिया वाढतात तशा नको असलेल्याही. शिशाची जाळी जास्त वेगाने गंजते, ॲसिडमधलं पाणी उडतं, पट्ट्यांची टोकं उघडी पडतात आणि उघडा पडलेला भाग कायमचा निकामी होतो. बाहेर ४५ अंश असताना चालून आलेल्या गाडीच्या बोनेटखाली साठच्या पुढचं तापमान सहज असतं. हे सगळं घडत असताना मालकाला काहीच कळत नाही, कारण उन्हाळ्यात तेल पातळ असतं, इंजिन सैल फिरतं, आणि निम्म्या ताकदीची बॅटरीही ते सहज फिरवते. डिसेंबरात तेल जरा घट्ट होतं, बॅटरीतली क्रिया मंदावते आणि मेपासून झाकलेलं बिंग फुटतं.

म्हणून आपल्याकडे बॅटरी तपासून घ्यायची योग्य वेळ दिवाळीच्या आधीची आहे. गाडी बंद पडल्यानंतरची नव्हे. पाणी घालता येईल अशी बॅटरी असेल तर उन्हाळ्यात दर महिन्याला झाकणं उघडून बघावीत, आणि घालायचं ते डिस्टिल वॉटरच. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी क्षारांचं असतं. एसीतून ठिबकणारं पाणी 'डिस्टिलच असते ना' म्हणून बाटलीत भरून ठेवणारे बरेच भेटतात. ते वाफेचं पाणी असतं हे खरं, पण वाटेत ते एसीच्या धातूच्या नळ्यांवरून आणि धुळीवरून वाहत आलेलं असतं. काही रुपयांसाठी हजारोंची बॅटरी पणाला लावण्यात काय हशील, मला कळलेलं नाही.

आता समजा, गाडी सुरू होत नाहीये. बोनेट उघडण्याआधी, कोणाला फोन करण्याआधी, एकच काम करायचं : किल्ली फिरवून ऐकायचं. 'स्टार्ट होत नाही' या तक्रारीत चार-पाच वेगवेगळे आजार लपलेले असतात आणि त्यांचे आवाज वेगळे आहेत. पूर्ण शांतता, एकच ठोस टक्, टकटकटकटक अशी झड, ओढूनताणून फिरणारा सेल्फ, आणि जोरात फिरणारा सेल्फ पण न उठणारं इंजिन. पहिले चार विजेच्या वाटेवरचे आजार. शेवटचा पूर्ण वेगळा आहे आणि त्यात बॅटरी बहुधा निर्दोष असते. तरी तिथेही बॅटरीच बदलली जाते, कारण तीच सगळ्यांना ओळखीची असते.

सेल्फ म्हणजे थोड्या वेळासाठी प्रचंड करंट खाणारी मोटार. घरातला छताचा पंखा अर्धा अँपिअरही घेत नाही. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ शंभर ते दोनशे अँपिअर ओढतो, डिझेलचा त्याहून जास्त. इतका करंट वाहताना वाटेतला थोडासा अडथळाही भारी पडतो. चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत आला, त्याआधी समोरून हँडल मारावं लागे. आपल्याकडे जीप आणि ॲम्बॅसेडरसोबत ते हँडल कित्येक दशकं डिकीत पडून असायचं, आणि जुने ड्रायव्हर शिकाऊ पोराला पहिला धडा द्यायचे तो अंगठ्याचा : हँडल धरताना अंगठा चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, विळखा घालायचा नाही, कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा जागेवर राहत नाही.

आवाज ऐकल्यावर दुसरी परीक्षा हेडलाइटची. दिवे लावून किल्ली फिरवायची आणि समोरच्या भिंतीवरचा उजेड बघायचा. उजेड एकदम मावळला आणि टकटक ऐकू आली, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. उजेड तसाच भक्कम आणि आवाज काहीच नाही, तर बॅटरीत करंट आहे पण सेल्फपर्यंत जात नाही : फ्यूज, रिले, सोलेनॉइड किंवा क्लचखालचा स्विच. हल्लीच्या बऱ्याच गाड्या क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ मारूच देत नाहीत, ऑटोमॅटिक असेल तर 'पी' किंवा 'एन' लागतो. पायाखालची मॅट सरकून क्लच अर्धाच दबत असल्याने टोइंगवाला बोलावलेला आहे, हेही घडतं. तिसरी शक्यता म्हणजे उजेड मंदावतो आणि एकच जड टक् येते. इथे करंट सेल्फपर्यंत पोचतोय पण तो फिरत नाही. कार्बन ब्रश झिजले असतील, नाहीतर सेल्फ अडकला असेल.

बटनाची गाडी असेल आणि ती किल्लीच ओळखत नसेल, तर बऱ्याचदा किल्लीतला छोटा सेल संपलेला असतो. किल्लीच बटनाला टेकवून बटन दाबलं की बहुतेक गाड्या सुरू होतात. डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत राहिलं तर भानगड इमोबिलायझरची, म्हणजे ओळखीच्या किल्लीशिवाय गाडी सुरू न होऊ देणाऱ्या यंत्रणेची आहे. घरातली दुसरी किल्ली लावून बघावी आणि मगच पुढे जावं.

साध्या मल्टिमीटरला फार पैसे पडत नाहीत आणि तो हाताशी असला की अंदाजपंचे बोलणं बंद होतं. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे तळ दिसायला लागलेली. पण नुसता हा आकडा फसवतो. म्हातारी बॅटरी निवांत असताना साडेबारा व्होल्ट दाखवते आणि सेल्फ मारला की आठवर कोसळते. म्हणून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगून त्या क्षणी आकडा बघायचा. तो ९.६ च्या खाली जाता कामा नये. इंजिन सुरू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. तेवढे नसतील तर दोष डायनामोचा, म्हणजे अल्टरनेटरचा, आणि नवी बॅटरी घातली तरी तीही आठवड्यात उतरेल. (नव्या काही गाड्यांत कॉम्प्युटर हा आकडा मुद्दाम वरखाली करतो, त्यामुळे एका नजरेत निकाल देऊ नये.)

याहून महत्त्वाची आणि गॅरेजमध्ये सहसा कोणी न करणारी परीक्षा अर्थिंगची आहे. बॅटरीची काळी वायर बॉडीला आणि तिथून एक पट्टी इंजिनाला गेलेली असते. सेल्फचा सगळा करंट याच वाटेने परत येतो. पावसाळ्यातल्या चिखलपाण्याने तो बोल्ट आतून गंजतो आणि बाहेरून धडधाकट दिसतो. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या काळ्या टोकावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरून सेल्फ मारायचा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला, तर चोर सापडला. एक पाना, थोडा पॉलिश पेपर, दहा मिनिटं. हे न करता आधी बॅटरी, मग सेल्फ, मग डायनामो असा क्रमाक्रमाने खर्च झालेल्या गाड्या मी बघितल्या आहेत.

टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशी साचली असेल तर खाण्याचा सोडा घातलेलं गरम पाणी ओतून ब्रशने घासावं. सोडताना आधी काळी वायर, जोडताना काळी शेवटी. लाल टर्मिनल सोडताना पाना चुकून बॉडीला लागला तर ठिणगीचा फटका बसू नये, म्हणून हा क्रम.

बॅटरी चांगली, डायनामो चांगला, तरी चार दिवस गाडी उभी ठेवली की उतरते. तेव्हा कोणीतरी गुपचूप करंट पितंय. घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटरची स्मृती यांना बंद गाडीतही थोडा करंट लागतोच. ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. तेवढ्यानेही दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, म्हणजे ३५ अँपिअर-तासांची छोटी बॅटरी पंधरवड्यात अर्धी होते. २०२० च्या लॉकडाउनमध्ये दारात उभ्या राहिलेल्या गाड्यांना नेमकं हेच झालं. त्यात बाहेरून बसवलेला डॅशकॅम, जीपीएस किंवा मोठं म्युझिक असेल तर दोन-तीन दिवसही पुरे. आणि बजाज चौकातून आर्वी नाक्यापर्यंत एसी लावून जाऊन येणं म्हणजे बॅटरी चार्ज करणं नव्हे. सेल्फने घेतलेलं तेवढ्यात भरून निघेल, पण उतरलेली बॅटरी भरणार नाही.

बॅटरी उतरलीच, तर दुसऱ्या गाडीवरून जंपर लावतात. लाल वायर आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं दुसरं टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटचं टोक जोडताना ठिणगी पडते. ती बॅटरीच्या तोंडाशी पडू नये, एवढंच यामागचं कारण. आपल्या भागात एक जास्तीचा धोका आहे. जामजवळ नागपूर–हैदराबाद हायवेवर किंवा कारंज्याकडे अमरावती रोडवर गाडी बंद पडली, की मदतीला पहिला थांबतो तो ट्रकवाला. माणूस चांगला, पण त्याच्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. ते कारच्या १२ व्होल्टला लावले तर कॉम्प्युटर जळू शकतो. ट्रॅक्टर मात्र साधारणपणे १२ व्होल्टचा असतो, आणि समुद्रपूर-गिरडकडे ट्रॅक्टर ट्रकपेक्षा लवकर सापडतो.

धक्का स्टार्टबद्दल दोन गोष्टी. इग्निशन चालू, दुसरा गिअर, वेग आल्यावर क्लच सोडायचा, हे सगळ्यांना येतं. पण ऑटोमॅटिक गाडी अशी सुरू होत नाही. आणि इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी ठार मेलेली असेल तर पेट्रोलचा पंप आणि कॉम्प्युटरच जागा होत नाही, मग अर्धी गल्ली घाम गाळते आणि फळ शून्य. शिवाय गाडी पकडत नसताना ढकलत राहिलं तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं. तो भाग महाग आहे.

आता तो पाचवा आवाज : सेल्फ झकास फिरतोय, इंजिन पकडत नाही. आता प्रश्न करंटचा नाही, पेटण्याचा आहे. पेट्रोल हवं, ठिणगी हवी, हवा हवी आणि ठिणगी नेमक्या वेळी हवी. किल्ली 'ऑन' केली की मागच्या सीटखालून दोनेक सेकंद 'घूंऽऽ' असा आवाज यायला हवा, तो पंपाचा. नाही आला तर फ्यूज आणि रिले बघा, मग पंप. पंप टाकीतल्या पेट्रोलमध्येच बुडालेला असतो आणि त्यानेच थंड राहतो, म्हणून भर उन्हाळ्यात काटा कायम लालवर ठेवून गाडी चालवणारे स्वतःच्या पंपाचं आयुष्य कमी करतात. पंप वाजतोय, तर प्लग काढून बघायचा. ओला आणि पेट्रोलचा वास मारणारा असेल तर पेट्रोल येतंय, ठिणगी नाही. कोरडा असेल तर ठिणगीचा विचार सोडून पेट्रोलच्या वाटेला लागायचं.

इथे पुन्हा वर्ध्याचा मे महिना येतो, कारण पेट्रोलचं एक वैशिष्ट्य आहे. तो शेकडो हायड्रोकार्बनांचा मेळ आहे आणि त्यातले हलके घटक ३५ ते ४० अंशांच्या सुमारासच उकळायला लागतात. म्हणजे आपल्या मे महिन्यातली सावलीसुद्धा त्यांना उकळायला पुरेशी. ॲम्बॅसेडर आणि फिएटच्या काळी पेट्रोलचा पंप इंजिनालाच चिकटवलेला असे आणि तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेई. ओढताना नळीतला दाब कमी होतो, दाब कमी झाला की उकळणं आणखी सोपं. दुपारी चहाला गाडी थांबवली, इंजिनाची धग पंपात मुरली, नळीत वाफ झाली. मग पंप वाफच दाबत-सोडत बसायचा आणि पेट्रोल हलायचं नाही. ड्रायव्हर बोनेट उघडून पंपावर ओला फडका टाकायचा, वरून पाणी शिंपडायचा, पंधरा-वीस मिनिटं झाडाखाली बसायचा आणि गाडी सुरू व्हायची. बघणाऱ्याला हा तोडगा वाटे. तो शुद्ध भौतिकशास्त्राचा प्रयोग होता.

त्या जुन्या, कार्ब्युरेटरच्या गाड्यांचा विषय निघालाच आहे तर स्कूटरही आठवते. वर्ध्याचे शेठ बच्छराज यांनी जमनालाल बजाजांना लहानपणी नातू म्हणून दत्तक घेतलं होतं. त्या बच्छराजांच्या नावाने १९४५ साली जी ट्रेडिंग कॉर्पोरेशन उभी राहिली, तीच पुढे बजाज ऑटो झाली आणि १९७२ साली तिने चेतक आणली. चेतक सकाळी सुरू व्हायला कुरकुरली, की मालक तिला एका अंगाला कलती करून चार सेकंद धरायचा आणि मग किक मारायचा. भारतातल्या निम्म्या मध्यमवर्गाने हे केलं असेल आणि फारच थोड्यांनी त्याचं कारण विचारलं असेल. कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोलची पातळी ठरावीक उंचीवर राहते. स्कूटर कलली की ती पातळी जेटच्या बाजूला चढते आणि पहिल्या किकेला मिश्रण जरा दाट मिळतं. थंड इंजिनाला दाट मिश्रणच हवं असतं. चोकही तेच करतो, हवा रोखून.

२००० च्या आसपास उत्सर्जनाचे नियम कडक झाले, नव्या कारमधून कार्ब्युरेटर गेला आणि इंजेक्शन आलं. पंप टाकीत गेला, तो ओढण्याऐवजी ढकलू लागला आणि नळीत तीन बारच्या आसपास दाब राहू लागला. दाबाखाली पेट्रोल सहजी उकळत नाही, त्यामुळे ओल्या फडक्याचा काळ संपला. पण पूर्ण नाही. गाडी बंद केल्यावरही तो दाब नळीत टिकून राहावा म्हणून पंपाला एक झडप असते. ती गळू लागली की उभ्या गाडीत दाब उतरतो आणि तापलेल्या इंजिनावरच्या नळीत पेट्रोल उकळतं. लक्षण ठळक आहे : थंड असताना बरी, पण बाजारात अर्धा तास उभी करून परत आलं की पाच-सात सेकंद सेल्फ मारावा लागतो. तपासायची रीत फुकटची आहे. किल्ली ऑन करा, पंपाचा आवाज थांबेपर्यंत थांबा, बंद करा. असं दोन-तीनदा करून मग सेल्फ मारा. आता चटकन सुरू झाली, तर दाब गळतोय. पंपाची झडप किंवा ठिबकणारा इंजेक्टर, दोन्हींपैकी एक.

गरम झाल्यावरच त्रास देणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत. एक, क्रँक सेन्सर. इंजिन कुठल्या क्षणी कुठे आहे, हे तो कॉम्प्युटरला सांगतो. त्याच्या आतली तार तापल्यावर तुटते आणि थंड झाल्यावर जुळते. गाडी चालता चालता बंद, अर्ध्या तासाने सुरू, आणि गॅरेजमध्ये नेल्यावर एकदम शहाणी. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरासुद्धा हलत नसेल तर बऱ्याच गाड्यांत संशय इथेच घ्यावा. दुसरा, कूलंटच्या तापमानाचा सेन्सर. हा खोटं बोलतो. इंजिन तापलेलं असताना 'थंड आहे' म्हणाला, तर कॉम्प्युटर हिशेबाबाहेर पेट्रोल ओततो आणि प्लग भिजतात. अशा वेळी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारावा. जुन्या लोकांना हे उलटं वाटतं, कारण कार्ब्युरेटरच्या गाडीत ॲक्सिलरेटर म्हणजे आणखी पेट्रोल. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत मात्र सुरू करताना पूर्ण दाबलेला ॲक्सिलरेटर म्हणजे 'पेट्रोल बंद कर, आधी आतलं सुकू दे' असा इशारा असतो. आणि जर किंचित ॲक्सिलरेटर दिल्यावरच गाडी उठत असेल व सोडल्यावर बंद पडत असेल, तर सेन्सर राहू द्या, थ्रॉटल बॉडीतला कार्बन साफ करून घ्या. देवळी-हिंगणघाटकडे जिनिंगच्या हंगामात रुईचा कण-कण हवेत असतो. तेव्हा एअर फिल्टरही काढून झटकावा.

डिझेलची गोष्ट वेगळी आहे. तिथे ठिणगीच नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेने डिझेल पेटतं, आणि थंड सकाळी त्या उष्णतेला हीटर प्लग हातभार लावतो. गुंडाळीसारखं पिवळं चिन्ह विझल्यावरच सेल्फ मारायचा. घाई करणाऱ्यांची गाडी पांढरा धूर सोडते आणि कुंथते. जुन्या जीप आणि पिकअपचा ठरलेला आजार म्हणजे 'एअर घेणं' : टाकी कोरडी पडली किंवा फिल्टर बदलला की नळीत हवा शिरते. मग फिल्टरजवळचा हँडपंप घट्ट लागेपर्यंत दाबून हवा काढावी लागते. कॉमन रेलच्या नव्या गाड्यांत दीडशे-दोनशे बार दाब जमल्याशिवाय कॉम्प्युटर इंजेक्टर उघडतच नाही, त्यामुळे तिथे अशक्त बॅटरीसुद्धा डिझेलचा दोष असल्यासारखी भासते.

हल्ली कुठलीही गाडी अडली की बोट ई२० पेट्रोलकडे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलकडे जातं. त्यात किती तथ्य आहे? इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते आणि तो ७८ अंशांना उकळतो, म्हणून कडाक्याच्या थंडीत तो सुरुवातीला अडचणीचा ठरतो. पण उरलेलं ८० टक्के पेट्रोल आपल्या दहा अंशांच्या पहाटेला पुरून उरतं. खरी काळजी पाण्याची. इथेनॉल पाणी शोषतो. ते प्रमाणाबाहेर गेलं तर इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि पंपाचं तोंडही तळाशीच असतं. पावसाळ्यात टाकी भरल्याबरोबर, त्याच दिवशी गाडी अडली, तर भरलेल्या पेट्रोलवर संशय घ्या. तीन महिन्यांपासून हळूहळू अडत असेल तर नका घेऊ. २०२३ च्या एप्रिलपूर्वीच्या गाड्यांमध्ये रबरी नळ्या आणि ओरिंग मात्र अधूनमधून बघून घ्याव्यात. सीएनजीवाल्यांनी एक ध्यानात ठेवावं : बहुतेक गाड्या सुरू पेट्रोलवरच होतात आणि मग गॅसवर जातात. टाकीत सहा महिने पडून राहिलेल्या पेट्रोलमधले हलके घटक उडून गेलेले असतात, आणि सुरुवातीला कामाचे तेच असतात.

गॅरेजमध्ये गेल्यावर 'स्टार्टिंगचा प्रॉब्लेम आहे' एवढंच सांगणं पुरेसं नाही. सेल्फचा आवाज कसा होता, गाडी थंड होती की तापलेली, आधी किती वेळ उभी होती, शेवटचं पेट्रोल कधी भरलं, नुकतं काही काम केलं होतं का, हे सांगितलं तर चांगला मिस्त्री अर्धा निदान ऐकताऐकताच करतो. स्कॅनर लावला तर त्यावर दिसलेला कोड लिहून घ्यावा. समजा पी०३३५ आला. त्याचा अर्थ 'क्रँक सेन्सर खराब' असा नाही. त्या सेन्सरकडून कॉम्प्युटरला सिग्नल नीट आला नाही, एवढंच तो सांगतो. सेन्सर मेला तरी हाच कोड, कनेक्टरमध्ये पाणी गेलं तरी हाच, आणि वायर तुटली तरी हाच.

वायर तुटते कशाने, याचं उत्तर खेड्यापाड्यांत बहुतेक वेळा एकच असतं. सोयाबीनची पोती आणि कापूस घरात आला की उंदीरही येतात, आणि कोठ्याशेजारी रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं कोमट इंजिन त्यांना आवडतं. डांबराच्या गोळ्या, तंबाखूची पानं, बाजारातले फवारे, सगळं लोक करून बघतात. चार दिवस गुण येतो, मग उंदरांना सवय होते. खालून बारीक लोखंडी जाळी बसवणं आणि गाडी धान्यापासून लांब उभी करणं जास्त टिकतं. कुरतडलेली वायर पिळून टेप गुंडाळून देतात, ती पहिल्या पावसात पुन्हा दगा देते. डाग द्यायला सांगावं आणि वर स्लीव्ह चढवून घ्यावी.